इथं फाडा म्हणे

पिशवी उघडता येत नाही म्हणून माणसाला त्याच्या घरातनं उठवतात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. उठवणारी कोण, तर माझीच मुलगी. आणि ती नोकरी काय करते, तर पिशव्याच काढते. पिशवीचं तोंड कसं असावं, कुठनं फाटावं, परत कसं बंद व्हावं, हे ठरवायचं काम. इथं बंगळुरातच, एचएसआर लेआउटमध्ये तिचं काचेचं ऑफिस आहे. शिकली, मोठी झाली, मला बरं वाटतं. पण तिच्या पिशव्यांनी माझा जीव खाल्लाय, हे पण लिहून ठेवतो.

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. बसवनगुडीतल्या ह्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहत होतो, आता मी एकटा. वर घरमालकीण अक्का राहतात, त्या कन्नड, आमचं मराठी त्यांना सगळं कळतं. पोरीचं पहिल्या दिवसापासून एकच, "अप्पा, आमच्याकडं चला." मी म्हणतो, नको. तिचं घर पार वरच्या मजल्यावर. खाली बघवत नाही. दारं सगळ्यांची लावलेली, शेजारी कोण राहतं कुणाला पत्ता नाही. इथं सकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसलं की कोण तरी 'ऊटा आयता' म्हणून जेवणाचं विचारतं. ह्या खोलीत मला करमतं असं नाही. पण दुसरीकडं त्याहून करमणार नाही. झालं.

आमच्या घरात पिशवी परत बंद करायची वेळच कधी आली नव्हती. सामान आलं की बायको विळी घेऊन बसायची. पिशवीचं तोंड एका रेघेत कापायची, आणि पोहे, रवा, डाळ, साखर, जे असंल ते डब्यात. रिकामी पिशवी उलटी करून दोनदा झटकायची. आलेली पिशवी दिवेलागणीपर्यंत घरात टिकायची नाही. उघडायचं खातं सगळं तिच्याकडं. मी यशवंतपूरच्या धान्याच्या यार्डात जन्मभर पोती उचलली, पोत्यांची तोंडं शिवली, उसवली. घरातला बिस्किटाचा पुडा मात्र तिच्याच हातनं फुटायचा.

दवाखान्यात पण तेच. पाण्यात घालून द्यायची पावडर होती, नर्सबाईंनी पुडी हातात दिली आणि गेल्या. एवढीशी पुडी, गुळगुळीत. चारी बाजूंनी ओढली. नखानं बघितलं. दातात धरावी तर खालचे दात गेलेत. ती पडल्या पडल्या बघत होती, हाताला सलाईन. म्हणाली, "द्या इकडं. पोती उचलणारा म्हणे!" आणि दातात धरून टर्रकन फाडली. वर हसली. मला पण हसू आलं तेव्हा. आता त्या पुडीचा विचार आला की डोकं फिरतं. आजारी माणसाच्या उशाशी ठेवायची वस्तू, ती एवढी घट्ट कशाला? बनवणाऱ्याच्या घरी कोण आजारी पडत नाही काय?

तर झालं असं. पोरीनं पोह्यांची पिशवी आणून दिली. मी विळी काढली आणि जसं बघत आलोय तसं तोंड कापलं. कापताना अंगठ्याला लागलं थोडं. डबे घासायचे राहिले होते, म्हणून पोहे पिशवीतच ठेवले आणि वर कपड्याचा चिमटा लावला. रविवारी पोरगी आली. पिशवीपासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग.

"अप्पा, ह्याची झिप कुठाय?"

"कसली झिप? पिशवी आहे का पँट?"

तिनं कचऱ्याचा डबा उचकला. त्यातनं मी कापलेली पट्टी काढली, तिच्यात ती झिप जशीच्या तशी. "ही काय! पिशवी बंद करायची म्हणून ही बसवलीय. तुम्ही तीच कापून टाकलीत! वरनं फाडायचं असतं हो, झिपच्या वरनं!"

"तुझी आई इथनंच कापायची."

"आई डब्यात भरायची, अप्पा."

मग तिला अंगठ्याची चिंधी दिसली. पुढचं काय विचारू नका. ज्याला पोह्याची पिशवी उघडता येत नाही त्यानं एकटं राहायचं काय, उद्या हातच कापून घ्याल, बघायला कोण आहे इथं, बास झालं, ह्या महिनाअखेरीला सामान बांधायचं, मी टेम्पो सांगते. सगळं एका दमात. रागात ती अगदी आईसारखी दिसते, त्यामुळं मला तोंड उघडता येत नाही. शेवटी म्हटलं, "आणि पिशवी उघडून, बंद करून दाखवली तर?"

"दाखवा. विळी नाही, कात्री नाही, दात नाहीत."

"दात असेही नाहीत."

ती हसली नाही.

पुढच्या रविवारी ती ऑफिसातल्या नमुन्याच्या पिशव्या घेऊन आली. सगळ्यांत रवा भरलेला. फोन काठीला लावून माझ्यासमोर उभा केला. म्हणाली, ऑफिसला पण दाखवते, म्हाताऱ्या माणसांच्या हातात देऊन कुणी बघितलेलंच नाही अजून. मी म्हटलं, आधी बघायचं आणि मग विकायचं असतं, पण असू दे. अक्का पण खाली येऊन दारात बसल्या. त्यांना टीव्हीपेक्षा हे बरं.

पहिली पिशवी. मी फिरवतोय, फिरवतोय. "कुठनं उघडायची?"

"लिहिलंय की अप्पा. इथं फाडा म्हणून."

"कुठल्या भाषेत?"

इंग्रजीत होतं, ते पण मुंगीएवढं. बाजूला चीर दिलेली असते म्हणे. चीर कसली, डोळ्याला दिसंना आणि बोटाला लागंना. शेवटी तिनंच बोट धरून दाखवलं. ओढलं तर बोटं सरकतात. म्हातारपणी बोटं कोरडी होतात, गुळगुळीत कागद धरवत नाही, हे ह्या लोकांना कोण सांगणार? जोर केला तर फाट तिरकी निघाली, झिप ओलांडून थेट बुडापर्यंत. रवा मांडीत.

"स्वल्प निधाना, अण्णा," अक्का म्हणाल्या. सावकाश म्हणे! पिशवीला सांगा की सावकाश फाट म्हणून.

मला एकदम सुचलं. म्हटलं, "हे बघ, पोत्याच्या तोंडाला शिवण असते. एक दोरा बरोबर धरून ओढला की सगळं तोंड सरळ उसवत जातं, कुठं तिरकं जात नाही. तसा दोरा घाला की पिशवीत." मला वाटलं, आता पोरगी तोंडात बोट घालंल.

"ते आहे की अप्पा. फार जुनं आहे. खर्च वाढतो म्हणून घालत नाहीत."

घ्या! म्हणजे माहीत असून घालत नाहीत. माहीत नसतं तर मी एवढा चिडलो नसतो.

दुसरी उघडली, पण झिप लागंना. लागली असं वाटतं, अंगठा फिरवला की लागल्यासारखी वाटते, आणि उलटी केली की मधनंच रवा गळतो. बंद झाली का नाही ते हाताला कळायला नको काय? कडीला खट् आवाज येतो, डब्याचं झाकण बसलं की दबतं. ह्या झिपला काही बोलायलाच येत नाही. पोरगी खाली मान घालून लिहून घेत होती. तिच्या मानेवर माझ्यासारखाच घाम येतो, हे मी तेव्हा बघितलं.

शेवटच्या पिशवीला धरायला एक जाड जीभ होती, बोटभर, खरखरीत. ती धरली आणि ओढली. सरळ गेली. आतली झिप दाबत गेलो तर दाण्यादाण्यासारखी बोटाला लागत गेली, टोकापर्यंत. मी पिशवी उलटी धरली. धरून ठेवली. एक कण पडला नाही. अक्कांनी टाळी वाजवली.

मी म्हटलं, "झालं? टेम्पो नको सांगू आता."

ती फोन बंद करत म्हणाली, "तरी पण चला, अप्पा."

आता मात्र माझं डोकं सटकलं. "हे कसलं गं? आठवडाभर माझ्या मागं लागलीस, रव्यात बसवलंस, उघडून दाखवली, बंद करून दाखवली, आणि तरी पण चला?"

"पिशवीचं नाही हो," ती म्हणाली. जमिनीवरचा रवा हातानं गोळा करायला लागली. "सकाळी तुमचा फोन लागला नाही ना, तर मी ऑफिसात बसून डोळ्यासमोर काय काय बघते, तुम्हाला नाही कळणार. मीटिंगमध्ये लोक बोलत असतात आणि मला काही ऐकू येत नाही."

"मग हेच पहिल्यांदा सांगायचं की! पिशवीला मध्ये कशाला घातलंस?"

"सांगितलं असतं तर आला असता?"

"नाही."

"मग?"

अक्का उठल्या आणि वर गेल्या. आम्ही दोघं रवा गोळा करत बसलो. ती म्हणाली, "मग असं करा. रोज सकाळी माझ्यासमोर एक पिशवी उघडायची. फोनवर. मी आठवड्याच्या आणून ठेवीन. ऑफिसला पण उपयोग होईल."

ऑफिसला उपयोग! मी काय दूधपितं पोर आहे? रोज उठून मी जिवंत आहे का नाही ते बघायचं, आणि नाव पिशवीचं. मला कळत होतं, आणि मला कळतंय हे तिला पण कळत होतं. पण घर राहत होतं. मी हो म्हटलं.

तेव्हापासून रोज सकाळी, चहा झाला की, फोन डब्याला टेकवून उभा करतो. आज चिवड्याची पिशवी होती. कुणा नवीन साहेबानं काढलीय, तिला जीभच नाही. मी ओढतोय, पिशवी सुटंना. तिकडं पोरीच्या मागं ऑफिसातली माणसं ये-जा करतायत, कुणी तरी तिला हाक मारली, तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं.

"घाई नाही, अप्पा. सावकाश."

मी म्हटलं, "घाई तुला नसंल. मला भूक लागलीय."