तरवडाच्या फुलांतला नारिंगी ठिपका

चाळिशी उलटल्यावर मी पीएचडीला नाव नोंदवलं. श्रीगोंद्याकडच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. विषय घेतला तरवडाच्या फुलांचा. आमच्याकडे माळावर, बांधावर तरवड न लावता येतो. नवरात्रात घटावर त्याच्या पिवळ्या फुलांची माळ चढते, एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. झाडं स्वतःच्या पानाफुलांत जी फ्लेव्होनॉइड नावाची पिवळसर द्रव्यं बनवतात, त्यांतली कोणती या फुलांत आहेत आणि जागा बदलली की ती बदलतात का, एवढंच मला शोधायचं होतं.

पाच ठिकाणची फुलं आणली. राहात्याजवळ एका बांधावर शेताच्या मालकीणबाईंनी मला हटकलं. फुलं कशाला तोडताय, कुठल्या कंपनीच्या तुम्ही, जमीन मोजायला तर आला नाहीत ना, असं सगळं विचारून घेतलं. मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मी गाडीत बसेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. एवढा कसला संशय, म्हणून मला हसू आलं होतं.

प्रयोगशाळेतलं काम साधं, पण चिकाटीचं. सावलीत वाळवलेल्या फुलांची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवायची, अर्क काढून वाळवायचा, पुन्हा थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवायचा आणि केसासारख्या बारीक काचेच्या नळीनं त्याचा थेंब सिलिकाच्या पट्टीवर टेकवायचा. शेजारी मिथेनॉलमध्येच विरघळवलेल्या रुटिनचा थेंब. रुटिन हे ओळखीचं फ्लेव्होनॉइड, विकत मिळतं. मग पट्टी द्रवात उभी करायची. द्रव वर चढतो आणि एकेक द्रव्य आपापल्या उंचीवर थांबतं. वरून एक रसायन फवारून यूव्ही दिव्याखाली धरलं की रुटिनचा ठिपका नारिंगी चमकतो. फुलाच्या अर्कात त्याच उंचीवर तसाच ठिपका दिसला, तर फुलात रुटिन असावं.

पाचही ठिकाणच्या फुलांत तो दिसला. पहिल्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेतले. पण पुढे प्रत्येक पट्टीवर तेच. कालव्याच्या पाण्यावरची राहात्याची झाडं आणि पारनेरच्या खडकाळ माळावरची झाडं, दोन्हींचे ठिपके सारखेच ठळक. मला ते खटकायला लागलं. म्हणून एकदा फुलाचा अर्क न घेता नुसत्या मिथेनॉलचा थेंब टेकवला. त्यातही नारिंगी ठिपका आला. फूल नव्हतंच, तरी ठिपका होता.

कुणीतरी काहीतरी मिसळतंय, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. रुटिनच्या द्रावणाची बाटली पाहिली, तर पातळी उतरलेली वाटली. शनिवारी मी लेबलावर त्या पातळीशी पेन्सिलीनं रेघ मारली. सोमवारी द्रव रेघेच्या खाली होता.

ही बाटली ज्या कपाटात असायची, त्याची किल्ली मामांकडे असायची. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर, माझ्या आधीपासून कॉलेजात असलेले. ते असं का करतील, याचं उत्तरही मीच तयार केलं. आदल्या वर्षी ते प्रॅक्टिकलच्या वेळी जागेवर नव्हते, म्हणून मी तक्रार केली होती. त्याचा राग असणार. मग त्यांचं प्रत्येक वागणं मला तसंच दिसायला लागलं. ते माझ्या टेबलाशी रेंगाळतात, मी थेंब टेकवताना लांबून बघत राहतात, मी वळले की नजर काढून घेतात.

मी विभागप्रमुख सरांशी बोलले. त्यांनी कुणावर आरोप केला नाही. यापुढे किल्ली मॅडमकडे राहील, एवढंच मामांना सांगितलं. मामांनी जुडग्यातून किल्ली नखानं सोडवली, टेबलावर ठेवली आणि कारण विचारलं नाही. न विचारणं हाही मला पुरावाच वाटला.

किल्ली माझ्याकडे आली तरी ठिपका येतच राहिला. मी कपाटाच्या कडीला पांढरा दोरा बांधला. दोरा जसाच्या तसा, आणि बाटलीतला द्रव आणखी खाली. दुसरी किल्ली करून घेतली असेल, दोराही तसाच परत बांधत असतील, इथपर्यंत माझी मजल गेली.

एका दुपारी मी पट्टीवर थेंब टेकवत होते. मामा बेसिनपाशी फ्लास्क धूत होते. नळ बंद करून ते तिथूनच म्हणाले, "म्याडम, एक सांगू का?"

मी मान वर केली.

"तुमी ती नळी त्या लहान बीकरमधी धुता. आन् फुलाचा अर्क पातळ करायला त्याच बीकरमधलं घेता."

मी हातातल्या नळीकडे पाहिलं. आत्ताच ती रुटिनमधून काढून बीकरमधल्या मिथेनॉलमध्ये बुडवली होती. रोज तशीच बुडवत होते. प्रत्येक फुलाच्या अर्कात रुटिन मीच घालत होते. नुसतं मिथेनॉल म्हणून तपासलेला थेंबही त्याच बीकरमधला होता.

"कधीपासून बघताय?" मी विचारलं.

"लई दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"किल्ली घेतल्यावर बोललो असतो, तर हा सोताला वाचवतोय म्हनल्या असत्या तुमी. त्याच्या आधी वाटलं, म्याडम शिकलेल्या हायेत, तशीच रीत असंल."

नवं मिथेनॉल, धुतलेलं बीकर, प्रत्येक थेंबाला नवी नळी. नुसत्या मिथेनॉलची पट्टी दिव्याखाली कोरी निघाली. रुटिनच्या बाटलीचं बूच सैल होतं, त्यातून मिथेनॉल उडून जात होतं. हे मी अकरावीच्या मुलांना शिकवते.

मी मामांना म्हणाले, माझी चूक झाली. ते म्हणाले, "नळीची चूक तुमाला कळली. माझ्याबद्दलचं सरांना सांगा. मला न्हाई."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, चौघांच्या देखत, मी सरांना सांगितलं. सरांनी माझ्याकडून किल्ली घेऊन परत मामांना दिली. त्यांनी ती जुडग्यात घातली आणि कामाला लागले.

जुन्या साऱ्या पट्ट्या मी फेकल्या. पुढच्या वर्षी फुलं पुन्हा आणली. या वेळी नारिंगी ठिपका दोनच ठिकाणच्या फुलांत आला, तोही फिकट. प्रबंधात तसंच लिहिलं.

निवृत्त होईपर्यंत मामा माझ्याशी नीट बोलत राहिले. मुलीच्या लग्नाची पत्रिकाही घरी येऊन दिली. फक्त मी कपाटातलं काही मागितलं की ते कुलूप काढायचे, दार पूर्ण उघडायचे आणि दोन पावलं मागे सरून उभे राहायचे. बाटली मीच काढायची, मीच ठेवायची. मग ते पुढे येऊन माझ्यासमोर कुलूप लावायचे आणि ओढून दाखवायचे.