उशीवरून दिसणारी खोली

बाबांची बदली चंदीगडला झाली आणि कॉलेज संपल्यावर मी सेक्टर बावीसमधल्या एका हॉटेलात शिकाऊ म्हणून लागले. बोलायला मी कच्ची. म्हणून मॅनेजरसाहेबांनी माझ्या हाती घड्याळ आणि छापील तक्ते दिले. खोल्या आवरणाऱ्या चार बायका होत्या. कुणाला एका खोलीला किती मिनिटं लागतात, ते आठवडाभर लिहायचं. जी सगळ्यात संथ, तिला काढणार, हे माझ्यासकट सगळ्यांना माहीत होतं.

"आ गई घड़ीवाली मैडम," त्या हसायच्या. "अब छींकना भी पूछ के."

त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईला सगळे बीजी म्हणत. ती विधवा होती. बाजारामागच्या भाड्याच्या खोलीत ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू, दोघीच. बीजीचे हात जलद होते. चादर एका झटक्यात अंथरायची. पण सगळं आवरून झालं की चपला काढून पलंगाच्या कडेवर बसायची, उशीला धक्का न लावता डोकं तिच्याजवळ न्यायची आणि तशीच खोली बघत राहायची.

तिसऱ्या दिवशी धीर करून मी विचारलं, "बीजी, ये क्यों?"

"पुत्तर, खड़े-खड़े तो सब साफ दिखता है. मुसाफिर तो लेट के देखेगा ना."

मग उठून ती पंख्यावरचं जाळं काढायची, पडद्याची फट मिटवायची, दिव्याची दोरी हाताशी येईल अशी बांधायची. तिच्या खोल्यांतून तक्रार येत नसे. मी ते रोज पाहत होते.

तक्त्यात 'उशिराचं कारण' असा दोन बोटांचा रकाना होता. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी शिकवलेलं, विचारलंय तेवढंच लिहा. मी इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पाहुण्याच्या पलंगावर बसते.'

शनिवारी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"बेड पे बैठती हो?"

"हाँ जी, बैठती हूँ." आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"मैडम, आपको और कुछ कहना है?" साहेबांनी मला विचारलं.

एकच वाक्य सांगायचं होतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत ते तयार होतं.

"नो सर," मी म्हणाले.

किल्ल्या परत करून ती जिन्याशी आली तेव्हा मी तिथेच उभी होते. माफी मागायची होती. तीच माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रहने दे पुत्तर. तूने झूठ तो नहीं लिखा."

घरी आईने विचारलं, "आज गप्प का गं?"

"काही नाही, आई."

"तू रोजच गप्प असतेस म्हणा," ती म्हणाली आणि कणीक मळायला वळली.

सोमवारी बीजीच्या खोल्या दुसरीने आवरल्या, अगदी वेळेत. ती गेल्यावर मी एका खोलीत शिरले. दारातून सगळं लख्ख होतं. चपला काढल्या, पलंगाच्या कडेवर बसले, डोकं उशीजवळ नेलं. पंख्याच्या वाटीला जाळं लोंबत होतं. खुर्चीवर चढून मी ते ओढणीने काढलं. मला किती मिनिटं लागली, ते कुणी लिहून घेतलं नाही.