कढीपत्त्यावरचं पोळं

नेरूळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहण्याचा फायदा एकच, खिडकीखालचा मातीचा पट्टा आपला म्हणून वापरता येतो. कागदोपत्री तो सोसायटीचा, पण बारा वर्षं पाणी मी घालतेय. दोन वर्षांपूर्वी तिथल्या कढीपत्त्याच्या फांदीला फुलोरी जातीच्या लहान मधमाश्यांनी तळहाताएवढं पोळं बांधलं. मला केवढा आनंद झाला! नुसती फुलं गाळणारा माझा काकडीचा वेल त्या वर्षी भरभरून धरला.

थंडी पडली आणि वेडे राघू आले. हिरवेगार, देखणे आणि महालबाड. समोरच्या केबलच्या वायरीवर तिघे-चौघे ओळीने बसत. माशी उडाली की एक जण झेप घेई, हवेतच तिला धरी, परत वायरीवर येऊन आपटून आपटून नांगी काढून टाकी आणि गिळून मोकळा. मी आत पोळ्या लाटत हे बघायची आणि जीव तीळतीळ तुटायचा. टाळ्या वाजवल्या, ताट बडवलं, जुन्या सीड्या दोऱ्याला टांगल्या. राघू ढिम्म.

शिरवण्याहून भांडी घासायला येणारी बाई हसायची. "काकू, त्यांना पन प्वाट हाय. दोन-चार खातील, पोलं कुटं जात नाय."

मला ते पटलं नाही. शिकलेल्या माणसाचा हात आधी अर्जाकडे जातो. मी सोसायटीच्या तक्रार वहीत सविस्तर लिहिलं: पक्षी माझ्या मधमाश्या खातात, सबब ती वायर हलवावी. खाली सही, फ्लॅट नंबर.

एवढा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही. वायर कुणी हलवली नाही. कमिटीला त्यातून एवढंच कळलं की आवारात मधमाश्या आहेत. शनिवारी सकाळी सेक्रेटरी पेस्ट कंट्रोलवाल्याला घेऊन हजर.

राघू दिवसाला मूठभर नेत होते. हा माणूस पाच मिनिटांत सगळं पोळं संपवणार होता आणि त्याला बोलावणं मीच धाडलं होतं. मला स्वतःचाच भयंकर राग आला. तो मी सेक्रेटरीवर काढला. प्लास्टिकची खुर्ची ओढून कढीपत्त्याखाली ठाण मांडलं.

"काकू, उगाच टेन्शन वाढवू नका. उद्या कुणाला चावली तर?"

"आधी माझ्यावर फवारा मारा, मग त्यांच्यावर."

फवारेवाला बिचारा पंप खाली ठेवून उभा राहिला. तासाभराने सेक्रेटरी नमले. पोळ्याचा निर्णय पुढच्या रविवारच्या मीटिंगमध्ये होईल. तोवर कुणाला माशी चावली तर जबाबदारी माझी, असं त्यांनी लिहून घेतलं. मी सही ठोकली.

त्याच रविवारी सकाळी पाणी घालताना माशी मलाच चावली, थेट पापणीवर. दुपारपर्यंत डावा डोळा बंद झाला.

"आज जाऊ नकोस," नवरा म्हणाला. "त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळेल. निदान गॉगल तरी लाव."

गॉगल लावला नाही. पहिल्या रांगेत जाऊन बसले. विषय निघाल्यावर सेक्रेटरींनी विचारलं, "आत्तापर्यंत कुणाला चावली का?"

मी हात वर केला. "मला. आज सकाळी. भरपूर दुखतंय." उठले आणि मागच्यांनाही डोळा नीट दिसेल अशी वळले. "कागदावर सही माझी आहे, डोळाही माझाच आहे. आता पोळं काढायचंय त्यांनी हात वर करा."

एका डोळ्याने मी शेवटच्या रांगेपर्यंत बघत गेले. एकही हात वर नव्हता.