फिनेल मारलेली खुर्ची

माझी आये उठली त्या खुर्चीला सरांनी फिनेल मारायला लावलं.

आये अजून हॉलच्या दारातच होती. तिची पाठ आमच्याकडे होती, पण कान उघडे होते. "बाबी, फिनेल आण. ती खुर्ची पूस. अख्खा हॉल वास मारतोय." सर एवढंच बोलले. आवाज न चढवता. रोजची सूचना द्यावी तसं. बाबी शिपाई बादली घेऊन आला. त्याने फडकं बुडवलं आणि माझ्याकडे न बघता खुर्ची पुसली. पाठ पुसली, बैठक पुसली, हात पुसले. मग सरांनी त्याला दोन उदबत्त्याही लावायला सांगितल्या.

मी स्टेजच्या पायरीवर उभी होते. हातात भाषणाचा कागद. बी.ए.चं शेवटचं वर्ष, अर्थशास्त्र.

आयेने वळून पाहिलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. "तू बोल गो. मी हयसरच आसंय," म्हणाली आणि व्हरांड्यात जाऊन खांबाला टेकून उभी राहिली.

आमचं कॉलेज कट्टा गावच्या बाजारापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. आये त्याच बाजारात मासे विकायची. तारकर्लीहून पहाटेची एसटी पकडायची, पाटी टपावर, ती मागच्या बाकावर. मी त्या कॉलेजात तीन वर्षं काढली, पण आयेने फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकायचं काही कारणच नव्हतं. त्या दिवशी मात्र तिला रीतसर बोलावणं होतं.

झालं होतं असं. कॉलेजांना आणि विद्यापीठांना श्रेणी द्यायची पद्धत तेव्हा नवी नवी होती. बाहेरची समिती यायची, दोन-तीन दिवस सगळं तपासायची आणि श्रेणी देऊन जायची. कुठल्याशा साप्ताहिकात देशातल्या विद्यापीठांची क्रमवारीही छापून आली होती. आमचं सरकारी विद्यापीठ त्यात बरंच खाली. आमचे सर कॉलेजातल्या श्रेणीच्या कामाचे प्रमुख. त्यांनी ते पान कापून सूचनाफलकावर लावलं आणि वर्गात म्हणाले, "बघा. लाज वाटली पाहिजे." आम्हाला लाज वाटली. कोणाची, ते कळलं नाही, पण वाटली.

मग महिनाभर कॉलेजला लग्नघराची कळा. भिंतींना रंग लागला. कॉम्प्युटरवरची प्लास्टिकची आवरणं पहिल्यांदा निघाली. ग्रंथालयाचं जे कपाट कायम कुलपात असायचं, त्याला किल्ली सापडली. समितीसमोर मुलांचा वादविवाद ठेवायचं ठरलं. विषय सरांनीच काढला: सार्वजनिक विद्यापीठांची क्रमवारी लावावी की लावू नये. लावावी म्हणून मी बोलणार. लावू नये म्हणून एका वकिलाचा मुलगा.

माझं भाषण सरांनी लिहून दिलं. मला का निवडलं तेही त्यांनी स्टाफरूममध्ये सर्वांदेखत सांगितलं. "गाबितांची, मासेमारांची मुलगी आहे. कमिटीला दिसलं पाहिजे. त्याला मार्क असतात." मला तेव्हा त्याचा राग आला नाही. उलट निवड झाली म्हणून मी हवेत होते. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असंच वाटलं.

समितीला पालकांनाही भेटायचं असतं. म्हणून पालकांना छापील पत्रं गेली: समितीच्या स्वागतास उपस्थित राहावे. सगळ्यांना गेली, कारण पत्रं पाठवली हे दाखवायचं होतं. कुणी येईल हे सरांनी धरलंच नव्हतं. पहिल्या रांगेत बसायचे पालक त्यांनी आधीच ठरवले होते. दोन शिक्षक, एक डॉक्टर, लॉजवाले एक शेठ. खुर्च्यांवर पांढरी कापडं घातली होती.

आयेला मी पत्र वाचून दाखवलं. स्वागत म्हटल्यावर तिने आमच्या घरचं स्वागत धरलं. आमच्या वाडीत रीत आहे. पाहुणा येणार असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर पहिला चांगला मासा त्याच्या नावाने वाळूत बाजूला काढतात. तो विकायचा नाही. घरातल्या पोरांनी मागायचा नाही. लहानपणी अशा माशाकडे बघत बघत मी पेज जेवलेली आहे. रापणीवर बापाशीच्या वाट्याला त्या दिवशी एक सुरमई आली होती. हातभर लांब, डोळे लखलखीत. आयेने ती पाटीत घातलीच नाही. केळीच्या पानात गुंडाळली, नव्या पिशवीत ठेवली. बाजार शेजारणीवर सोपवला, विहिरीवर अंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसली, अबोलीचा वळेसर माळला आणि आली.

हॉलमध्ये शिरली ती सरळ पहिल्या रांगेत बसली. पत्र तिच्या नावाने होतं, मग मागे कशाला बसेल? पिशवी मांडीवर. मला स्टेजजवळ बघून हसली. सर लगबगीने आले.

"ए बाई, हे पाहुण्यांसाठी आहे."

"मी पालक, सायबानूं. माका कागद इलो."

"पिशवीत काय आहे?"

"सुरमय आसा. पावण्यांक. रिकाम्या हातान कशी येव?"

सरांनी पिशवी दोन बोटांनी उचलली आणि बाबीकडे दिली. मेलेला उंदीर उचलतात तशी. "बाहेर उभी राहा," ते आयेला म्हणाले. सर बाजाराजवळच्याच एका गावचे. त्यांच्या घरी आये वर्षानुवर्षं मासे घालत होती. दारात ती त्यांच्या आईला वहिनी म्हणायची. इथे मात्र त्या वहिनीचा मुलगा तिला अगं-तुगं करत होता आणि ती त्याला सायबानूं म्हणत होती.

मग ते फिनेल.

मग समिती आली. हार झाले, नारळ झाले, स्वागतगीत झालं. समितीचे अध्यक्ष दूरच्या कुठल्या राज्यातले, मराठी न कळणारे. समितीतल्याच एक मराठी कळणाऱ्या बाई शेजारी बसून त्यांना समजावून सांगत होत्या. पहिल्या रांगेतल्या त्या ओल्या खुर्चीवर कापड बदलून लॉजवाले शेठ बसले.

आधी वकिलाचा मुलगा बोलला. ज्ञान हा सागर आहे, सागराला माप लावता येत नाही, वगैरे. सागर म्हणे. सागर बघायला तो दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला यायचा, तेही गाडीने. टाळ्या पडल्या.

माझं नाव पुकारलं. मी माईकपुढे गेले. पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं: "ज्याचं मोजमाप होत नाही, त्याची सुधारणा होत नाही." दुसरं वाक्यही म्हटलं. तिसऱ्याला मला फिनेलचा वास आला. हॉलभर उदबत्तीचा घमघमाट होता, पण माझ्या नाकात फिनेलच होतं. उघड्या दारातून व्हरांड्यातला खांब दिसत होता आणि खांबाला टेकलेलं आयेचं लुगडं.

मी कागद खाली ठेवला. जे बोलले ते शब्दन् शब्द आठवतं.

"माझी आये बाहेर उभी आहे. ती मासे विकते. तुम्ही तिला पत्र पाठवून बोलावलंत आणि ती बसली ती खुर्ची फिनेलने पुसलीत. आधी तिला आत खुर्ची द्या. मग मी मोजमापाचं पुढचं बोलते."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. कोणीतरी उठेल. मुलं तरी ओरडतील. माझ्यासारखीच पोरं होती त्यात, देवबागची, सर्जेकोटची. त्यांनी माना खाली घातल्या. त्यांची तरी काय चूक? सगळ्यांचे अंतर्गत गुण सरांच्या हातात होते.

वेळ मोजणाऱ्या मॅडमनी घंटा वाजवली.

अध्यक्षांनी काय झालं म्हणून विचारलं. मराठी कळणाऱ्या बाई काही सांगणार, तेवढ्यात सर उठले. हसत हसत इंग्रजीत म्हणाले, मुलगी जरा भावुक झाली आहे, मासेमार कुटुंबातली आहे, पहिल्या पिढीची शिकणारी, आम्ही अशा मुलींना बोलायला शिकवतो. अध्यक्षांचा चेहरा उजळला. ते टाळ्या वाजवू लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या. शेजारच्या बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मी कोसळले असते तर बरं झालं असतं, पण मी उभीच राहिले. माझा नकारसुद्धा त्यांनी कॉलेजच्या खात्यात जमा करून टाकला होता.

खाली उतरून व्हरांड्यात धावले. आये नव्हती. टाळ्यांचा आवाज ऐकला आणि लेकीचं भाषण चांगलं झालं असं समजून ती बाजाराकडे निघून गेली, असं मी तेव्हा धरलं. संध्याकाळी घरी मला म्हणाली, "मोठ्यान टाळये वाजले मां गो? माका भायर आयकाक इले." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी रडले तेव्हा मला वाटलं, ती ते आनंदाचं रडणं समजतेय.

सुरमईचं दुसऱ्या दिवशी बाबीने सांगितलं. त्याचीही आवस मासेच विकायची. पिशवी त्याने फेकली नव्हती. सरांनीच ती शेठच्या लॉजवर पाठवायला लावली होती. रात्रीचं जेवण तिथे होतं. "तळून वाढली गो. पावण्यांनी काटो सुदीक ठेवूक नाय," बाबी म्हणाला. म्हणजे वास सुरमईला नव्हता. वास फक्त आयेला होता.

श्रेणी चांगली लागली. कॉलेजच्या फाटकावर मोठा फलक चढला. फाटकासमोर दुपारी दोघी-तिघी बायका उरलेले मासे घेऊन बसायच्या. फलकाला शोभत नाही म्हणून त्यांना उठवलं.

पुढे एम.ए. केलं, त्याच आमच्या खालच्या क्रमांकाच्या विद्यापीठातून. मोठ्या शहरातल्या एका संस्थेत मुलाखतीला गेले तर समोरच्यांनी पदवीवरचं विद्यापीठाचं नाव वाचलं आणि एकमेकांकडे पाहिलं. पुढचा प्रश्न विचारलाच नाही. म्हणून सांगते, क्रमवारीला काही अर्थ नसतो असं माझ्यासमोर कोणी म्हणू नये. पोट भरलेला माणूस उपासाचं कौतुक करतो, तसं आहे ते. क्रमवारी आम्हाला लागते. कपाळावर लागते. मोजू नका असं मी म्हणत नाही. पण भिंतीचा रंग मोजता, संगणक मोजता, परदेशातून कोण शिकायला आलं ते मोजता. मासळीच्या पाटीमागून एक मुलगी चालत कॉलेजपर्यंत आली, हे अंतर कोण मोजणार? तिची आये आत बसू शकते का, हे कुठल्या रकान्यात येतं? सहा वर्षं मी हे स्वतःशीच बोलतेय. ऐकायला कोणी नाही.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जून आला की नव्याने हात जोडायचे. सर आता प्राचार्य आहेत. समिती पुन्हा येतेय. गेल्या आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी बसा म्हणाले, चहाही दिला.

"पालकांचं तुम्ही बघा, मॅडम. तुम्ही त्यांच्यातल्याच. कोणाला आत बसवायचं, कोणाला नाही, तुम्हाला बरोबर कळेल."

माझ्या हातात फडकं देत होते. बाबीच्या हातातलं.

"नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला. "बरं. जूनमधल्या तासांचं मग बघू आपण."

घरी आयेला सगळं सांगितलं. फिनेलचंही काढलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती कोळंबी सोलत होती. हात थांबले नाहीत. "माका ठावक हा," म्हणाली. "तेव्हाच सगळा आयकलंय मी. तुका वायट वाटात म्हणान बोलूक नाय." मग म्हणाली, "कित्याक भांडतंस? तास जातीत. दुसरे खंय मागशीत?"

मी म्हटलं, या वेळी तू चल. पहिल्या रांगेत.

"मी नाय येवचंय गो. तेंची खुर्ची खराब जाता."

हे वाक्य ती रागाने बोलली असती तर मला बळ आलं असतं. ती साधेपणाने बोलली. मी खूप विनवलं. ती उठून आत गेली. तिला परत त्या दारातून आत नेणं माझ्या हातात राहिलेलं नाही. ते त्या दिवशीच संपलं.

तास जातील, हे मला दिसतंय. दुसरीकडे कोणी घेणार नाही, हेही दिसतंय. तरी ठरवलंय. समिती येईल त्या सकाळी घरातली लाकडी खुर्ची, जिच्यावर बसून आये जाळी विणते, ती मी एसटीच्या टपावर टाकून आणणार. पहिल्या रांगेत मधोमध ठेवणार. रिकामी. मागे मी उभी राहणार. कोण बसणार म्हणून कोणी विचारलं तर सांगणार, मला कळेल त्या भाषेत आणि अध्यक्षांना कळेल त्याही भाषेत. सरांच्या मध्यस्थीची आता गरज नाही.

बापाशीलाही सांगून ठेवलंय. त्या दिवशी पाहुण्यांच्या नावाने मासा काढायचा नाही. पहिला मासा आमच्या चुलीवर चढेल, आणि आये तो सगळ्यांत आधी जेवेल.

श्रेणी काय द्यायची ती द्या. ती खुर्ची कोणी हलवायची नाही. पुसायची तर मुळीच नाही.