मस्कतचा कोड

बाबांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. फोन वाजला की ते आधी चष्मा शोधत, नंबर वाचत आणि मगच उचलत. कोड म्हणजे माणसाचं गाव, असं ते सांगत. काटोलचा कोड दिसला तर फोन काटोलचाच, याबद्दल त्यांना देवापेक्षा जास्त खात्री होती.

धाकटा भाऊ त्यांनी लावून दिलेली नोकरी सोडून मस्कतला गेला, तोही न विचारता. बाबांनी बोलणं टाकलं. तिकडे फुकटचे इंटरनेट कॉल सरकारी नियमानं बंद, म्हणून तो कुठलंसं स्वस्तातलं ॲप वापरायचा. त्यावरून लावलेला फोन मस्कतचा कोड घेऊन यायचाच नाही. कधी अमेरिकेचा नंबर दिसायचा, कधी पोलंडचा. माझ्या मोबाइलवर विचित्र नंबर दिसला की मी उचलायची. बाबांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्यासमोर त्याचा विषयच काढायची सोय नव्हती.

या उन्हाळ्यात बाबांना धंतोलीतल्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा मी भावाला म्हटलं, आता तरी बाबांशी बोल. "लावतो, ताई," म्हणाला. खालून औषधं घेऊन मी वर आले, तर बाबा फोन उशीखाली सरकवत होते.

"कोणाचा होता, बाबा?"

"अमेरिकेचा कोड. कापला. असे फोन उचलू नका म्हणून सरकार रोज सांगून राहिलं ना."

"बाबा, तोच होता."

"तो अमेरिकेत कधी गेला वं?" बाबा हसले. "मस्कतचा कोड पाठ आहे मले. तो आला की उठव."

अबोला धरून बसलेल्या माणसानं कोड पाठ केला होता. मी डोळे पुसत त्या नंबरावर उलटा फोन लावला, तर असा नंबरच नाही म्हणे. भावाचा मस्कतचा नंबर बंद होता; कामावर जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो त्यांना. एकदा कापल्यावर त्यानं पुन्हा लावला नाही. स्वभाव बाबांचाच. बाबा झोपले ते उठले नाहीत.

तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. "शेवटपर्यंत कापलाच त्यायनं माझा फोन," एवढंच बोलला. मी घडलं तसं सांगितलं.

"माझं मन राखाले सांगून राहिली तू."

मला त्याचा रागच आला. बाबांचा फोन आणून त्याच्या पुढ्यात आपटला आणि म्हटलं, लाव. त्यानं ॲपवरून लावला. बाबांच्या फोनवर अमेरिकेचा नंबर आला. तो वाजून वाजून थांबेपर्यंत भाऊ नुसता बघत राहिला.

मग त्यानं ॲप बंद केलं आणि आपल्या मस्कतच्या सिमवरून सरळ फोन लावला. या वेळी कोड बरोबर आला.

"आला ना, ताई, मस्कतचा," तो म्हणाला. "आता उठव त्यायले."