बाजेवरचं पोहणं

मी पोहणं बाजेवर शिकलो. धीवराच्या घरात जन्मून, पंचेचाळिसाव्या वर्षी, मोबाइलवर व्हिडिओ लावून, बाजेवर पालथा पडून. चार दिवसांत बाजेची दोरी तुटली आणि हातपाय बरोबर चालताहेत अशी माझी खात्री झाली.

कारण असं. आमच्या गावच्या तलावात वर्षातून एकदा महाजाळ ओढतात. जाळं एवढं लांब, की या काठापासून त्या काठापर्यंत माणसंच माणसं लागतात, आणि रांगेत प्रत्येक घराची जागा ठरलेली. त्याला म्हणतात जाळ्यामागे उभं राहणं. घरातलं कोणी उभं राहिलं नाही, तर जागा गेली. आमची जागा मधोमध. तिथे बाबा आयुष्यभर उभे राहिले. लहानपणी मी एकदाच काठावरून पाहिलं होतं : बाबांचं नुसतं डोकं पाण्यावर, तेही मधूनमधून गायब! तेव्हा जी धास्ती घेतली ती घेतलीच. पुढे वसतिगृह, मग कुरखेड्याला कारकुनी. जाळं ओढायच्या दिवशी मला नेमकं काम निघायचं. बाबांच्या देखत एकदा तरी त्यांच्या जागी उभं राहावं, ही इच्छा मात्र मी वीस वर्षं जपली. जपली म्हणजे काय, काही केलं नाही.

मागच्या दसऱ्याला बाबा गुडघ्याला तेल चोळत म्हणाले, "यंदा माह्यानं होत नाई. आपल्या घरचं कोनी उभं नाई राह्यलं, तं जागा तुह्या चुलतभावाले जाते."

मी कुरखेड्याला परत आलो आणि बाज अंगणात काढली.

आता बायको माझी वैनगंगेकाठची. परकर खोचून नदी पार करणारी. तिलाच विचारायचं सोडून मी बाजेला विचारत होतो. तिसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"अवो, हे काय करून राह्यले?"

"पोहून राह्यलो."

"मंग, पोहोचले कुठवर?"

त्या रविवारपासून तिच्या माहेरच्या डोहात शिकवणी सुरू झाली. आमच्या तलावाच्या वाटेला मी फिरकलोच नाही. धीवराचा पोरगा गटांगळ्या खाताना आपल्याच गावाला कशाला दाखवा? सासूबाईंच्या आढ्याला वाळका भोपळा टांगलेला होता. वाळका भोपळा पाठीला बांधला की माणूस बुडत नाही, एवढं ज्ञान मला होतं. कोणाला न विचारता तो काढला, बांधला आणि उडी मारली. पण सासूबाईंनी त्याला भोक पाडून बूच लावलं होतं. आत दोडक्याचं बी. बूच निघालं. भोपळा गुडगुड करत भरला आणि मला घेऊन खाली निघाला. बायकोनं केसांना धरून वर ओढलं. काठावरून सासूबाईंचा जीव तुटत होता : "जावईबापू, बी वाहून चाल्लं जी! बी धरा!"

तरी सोडलं नाही. होळीपर्यंत मी डोहातल्या खडकाला हात लावून परत येऊ लागलो. बायको म्हणाली, "आता बुडले तं मुद्दाम बुडले समजीन."

वैशाखात जाळं निघालं. बाबा मोहाच्या झाडाखाली बसून पाहत होते. रांग अजून लागत होती. मी शर्ट काढला, छाती भरून घेतली आणि त्यांच्या देखत तलावात सूर मारला.

नाक गाळात रुतलं. उठून उभा राहिलो, तर पाणी कमरेला. दोन्ही काठ हसत होते. तलाव उन्हाळ्यात आटल्याशिवाय महाजाळ ओढत नाहीत, हे त्या गावात माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

मधोमध जाऊन उभा राहिलो, तेव्हा शेजारच्यानं समजावलं : जाळ्याचा खालचा दोर वाकून गाळात दाबून धरायचा, नाहीतर मासळी खालून निसटते. वाकलो, आणि पाणी हनुवटीला लागलं. लहानपणी काठावरून दिसलं होतं ते हे. दुपारपर्यंत तसाच वाकून चाललो. दोन मोठे रोहू माझ्या पायाखालून गेले, बाकीचे राहिले.

आमचा वाटा पळसाच्या पानांवर बाबांपुढे ठेवला. म्हटलं, "बाबा, एवढी वर्षं मले पोहता येत नव्हतं, म्हनून आलो नाई."

बाबांनी एक मासा उलटा करून पाहिला. "अन् मी समजलो, तुले आपल्या धंद्याची लाज वाटते." मग मान वर करून माझ्या गाळानं भरलेल्या नाकाकडे पाहिलं.

"पोहाले कोन सांगत होतं बे बैताडा? नुसतं उभं राहाचं होतं."