आधी अ‍ॅसिड की आधी पाणी

ही फजिती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. आमच्या देवरावभाऊंकडून ऐकाल, तर ते वरून आणखी तिखट टाकतील.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. प्राचार्यांनी मला काम दिलं, की लॅबमधली धोक्याची रसायनं कशी हाताळायची, त्याचे लेखी नियम तयार करा. मी हरखलोच. एरवी कोण विचारतं हो आपल्याला? आठ दिवस बसलो. साधं वाक्य लिहिलं की वाटायचं, हे तर कोणीही लिहील. मग 'अ‍ॅसिड'चं 'आम्ल' केलं, 'बीकर'चं 'चंचुपात्र' केलं, वाक्यं उलटीसुलटी फिरवली. प्रकरण इतकं भारदस्त झालं की अकोल्याच्या एका कॉलेजातल्या काळे मॅडमनी प्रत मागितली. मीही खाली ठळक अक्षरात नाव टाकून पाठवली.

मग मुलांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. मी वाचणार, देवरावभाऊ करून दाखवणार. देवरावभाऊ म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, वीस वर्षं अ‍ॅसिडच्या बाटल्यांत काढलेला माणूस. अ‍ॅप्रन, चष्मा, हातमोजे घालून उभे राहिले.

मी वाचलं, "चंचुपात्रात तीव्र सल्फ्युरिक आम्ल घ्यावे."

त्यांनी घेतलं.

"त्यात सावकाश पाणी घालावे."

देवरावभाऊंनी पाण्याचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरले.

"काय झालं?"

"मी नाही टाकत, सर."

"कावून?" मीही वऱ्हाडीवर आलो.

"घरी बायको हाये, दोन पोरी हायेत."

मुलं हसली. माझा पारा चढला. "देवरावभाऊ, लेखी नियम आहे. खाली प्राचार्यांची सही आहे."

"मंग त्यायले बोलवा. त्यायच्या हातानं टाकू द्या."

"राहू द्या. मीच टाकतो."

"टाका. चला रे पोरंहो, बाहीर."

आणि अख्खा वर्ग खरंच बाहेर गेला. समोर अ‍ॅसिड, हातात पाणी आणि मी एकटा. भांडं वाकवणार, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. अ‍ॅसिड पाण्यात टाकायचं असतं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही! उलट केलं की ते उकळून तोंडावर उडतं. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवतो. वाक्य फिरवता फिरवता मी केमिस्ट्रीच फिरवली होती.

भांडं जपून खाली ठेवलं. खिडकीतून देवरावभाऊ म्हणाले, "समजलं काय, सर?"

समजलं. आणि लगेच अकोला आठवलं. तिथूनच फोन लावला. काळे मॅडमनी तिसऱ्या वेळेला फोन उचलला.

"मॅडम, ते पान फाडून टाका. कोणाला काही झालं नाही ना?"

"नाही, सर. आमी तर पह्यल्याच दिवशी चूक पकडली. पण फाडू कावून? लय कामाचं पान हाये ते."

कसलं कामाचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

उन्हाळ्यात अकोल्याच्या त्याच कॉलेजात परीक्षक म्हणून गेलो. तोंडी परीक्षेत काळे मॅडमनी एका मुलीसमोर कागद सरकवला. माझंच पान. नावावर तेवढी त्यांनी दयेनं पट्टी चिकटवली होती.

"यातली चूक सांग."

मुलीनं एका नजरेत सांगितली. तिथंच गप्प बसायचं ना मी? पण विचारलं, "अशी चूक का झाली असेल?"

"सर," ती म्हणाली, "लिहिणाऱ्यानं जन्मात कधी अ‍ॅसिड हाती घेतलं नसन."

काळे मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. मी मुलीला पैकीच्या पैकी मार्क दिले.